ऊर्जा-संक्रमणाचा आंतरराष्ट्रीय कारभार: दारं अनेक, कागद निराळे

कोळसा आणि तेल सोडून सौर, पवन, जलविद्युत आणि साठवणुकीकडे वळणाऱ्या देशाला बाहेरची मदत हवी असेल तर आज दारांची कमतरता नाही. आकडेवारी देणारी संस्था वेगळी, उद्दिष्ट ठरवणारी परिषद वेगळी, पैसा देणारा निधी वेगळा, तंटा ऐकणारं न्यायपीठ वेगळं. हे परीक्षण या दारांचं आहे आणि ते एक सेवा म्हणून केलं आहे: काय मिळतं, किती वेळ लागतो, कुठे अडतं. ग्राहक म्हणून समोर ठेवलंय ते लहान किंवा मध्यम देशाचं ऊर्जा खातं. तिथे हा सगळा विषय पाच-सात माणसं सांभाळतात आणि त्यातल्याच दोघांना वर्षाचा बराच काळ परिषदांना जावं लागतं. मोठ्या देशांना यातल्या त्रुटी सोसतात. या पाच-सात माणसांना त्या सोसत नाहीत, म्हणून पारख त्यांच्या बाजूने.

माहिती: इथे खरोखर चांगलं काम आहे

आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था, म्हणजे आयरेना, २६ जानेवारी २००९ रोजी बॉनमध्ये स्थापन झाली. मुख्यालय अबू धाबीत आहे. ती दरवर्षी देशवार स्थापित क्षमतेचे तक्ते विनामूल्य देते. २०२४ अखेर जगाची अक्षय वीजक्षमता ४,४४८ गिगावॅट होती आणि त्या एका वर्षात ५८५ गिगावॅटची भर पडली, हे कुठल्याही खात्याला काही मिनिटांत सापडतं. सोबत सौर आणि पवन संसाधनांचे नकाशे मिळतात आणि मागणी केल्यास देशाच्या तयारीचं मूल्यमापनही होतं. एवढं सगळं फुकट देणारी दुसरी जागा या क्षेत्रात नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, म्हणजे आयईए, १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये पॅरिसला सुरू झाली. विश्लेषणाच्या खोलीत ती पुढे आहे. पण तिचा पाया तेलाचा आहे. पूर्ण सदस्य व्हायचं तर देश आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेत असावा लागतो आणि ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका तेलसाठा दाखवावा लागतो. चीन, भारत, ब्राझील, इंडोनेशिया आणि दक्षिण आफ्रिका यांना सहयोगी देशाचा दर्जा आहे: कामात सहभाग मिळतो, मतदानाचा हक्क मिळत नाही. विजेची मागणी सर्वांत वेगाने जिथे वाढतेय तेच देश निर्णयाच्या टेबलाबाहेर राहतात, हा या संस्थेचा मोठा दोष आहे. दुसरी तक्रार तपशीलवार माहितीसंचांची. देशांची खाती प्रश्नावल्या भरून कच्ची माहिती मोफत पाठवतात आणि त्यावर बेतलेले अनेक सविस्तर संच मात्र विकत घ्यावे लागतात. गेल्या काही वर्षांत बरंच काही खुलं झालं आहे, तरी वाट अर्धीच चालून झाली आहे.

दोन्हींचे आकडे शेजारी ठेवताना तीन ठिकाणी चूक हमखास होते. पहिली सौरक्षमतेची. पॅनलची क्षमता एकदिश प्रवाहात मोजतात आणि इन्व्हर्टरच्या पुढची प्रत्यावर्ती प्रवाहात. दोन्हींतला फरक १० ते ४० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून फॉर्मवर कोणता आकडा मागितला आहे ते आधी पाहावं. दुसरी कारखान्यांच्या स्वतःच्या वीजनिर्मितीची आणि छतावरच्या पॅनलची. ग्रिडच्या मीटरवरून जे येत नाही ते मोजणीतून सुटतं, आणि आयातीच्या सीमाशुल्क नोंदींशी ताळा घातल्याशिवाय ते लक्षातही येत नाही. तिसरी चूक सर्वांत महाग पडते. प्राथमिक ऊर्जेच्या, म्हणजे रूपांतर होण्याआधीच्या मूळ ऊर्जेच्या, हिशेबात आयईए अणुऊर्जेची कार्यक्षमता ३३ टक्के धरते, म्हणजे १ युनिट वीज ३ युनिट प्राथमिक ऊर्जा म्हणून नोंदली जाते. सौर, पवन आणि जल यांची १ युनिट वीज मात्र १ च धरली जाते. ही पद्धत माहीत नसली तर अक्षय ऊर्जेचा वाटा फारच किरकोळ वाटतो आणि मंत्रिमंडळापुढे चुकीचं चित्र जातं. वाटा सांगायचा तो अंतिम वापरातला किंवा एकूण विजेतला सांगावा.

संस्था एकत्र काम करू शकतात याचा पुरावाही याच दालनात आहे. शाश्वत विकासाच्या सातव्या उद्दिष्टाचा, म्हणजे सर्वांना परवडणाऱ्या स्वच्छ ऊर्जेचा, वार्षिक मागोवा आयईए, आयरेना, जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी विभाग असे पाच जण मिळून काढतात. एकच अहवाल, एकच व्याख्या. पैशाच्या दालनात असं काहीच नाही, आणि ही खंत पुढे वारंवार डोकं वर काढते.

उद्दिष्टं: शब्द मोठे, मोजमाप सैल

हवामान कराराची वार्षिक परिषद ही सगळ्यांची एकत्र बसायची एकमेव जागा आहे आणि तिची किंमत कमी लेखणं चूक ठरेल. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख निर्णयात पहिल्यांदा आला, तो इथेच. त्याच निर्णयात २०३० पर्यंत जगाची अक्षय ऊर्जाक्षमता तिप्पट आणि कार्यक्षमता-सुधारणेचा वार्षिक दर दुप्पट करण्याचं आवाहन आहे.

आता तोच मजकूर अभियंत्याच्या नजरेने वाचावा. तिप्पट, पण कोणत्या वर्षाच्या तुलनेत? निर्णयात आधारवर्ष नाही आणि आकडाही नाही. ११,००० गिगावॅट हा आकडा आणि २ टक्क्यांवरून ४ टक्के हा दर वेगळ्या, ऐच्छिक प्रतिज्ञापत्रात आहेत आणि त्यावर सगळ्या देशांच्या सह्या नाहीत. देशवार वाटणी कुठेच केलेली नाही. शिवाय उद्दिष्ट क्षमतेचं आहे, निर्मितीचं नाही. सौर प्रकल्पाचा वार्षिक वापर-गुणांक, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष निर्मिती, २० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून १ गिगावॅट सौर आणि १ गिगावॅट जलविद्युत यांच्या वर्षाच्या युनिटांत मोठा फरक पडतो. सगळ्यांत गंभीर उणीव वाहिन्यांची होती. ग्रिड आणि साठवणुकीचं उद्दिष्ट पुढच्या वर्षी बाकूच्या परिषदेत आलं, २०३० पर्यंत १,५०० गिगावॅट साठवणूक आणि अडीच कोटी किलोमीटर वाहिन्या उभारणं किंवा सुधारणं, पण तेही ऐच्छिक प्रतिज्ञेच्या रूपात. पॅनल वर्षभरात बसतं, उच्चदाबाच्या वाहिनीला जमीन आणि परवानग्या मिळवण्यात बरीच वर्षं जातात. हा क्रम उलटा असायला हवा होता.

वेग कमी असण्याचं एक कारण कार्यपद्धतीत दडलं आहे. मतदानाचा नियम या परिषदेने आजवर कधी मंजूरच केला नाही, त्यामुळे सगळं सहमतीने चालतं. सहमती म्हणजे सर्वांत नाखूश देशाला चालेल तेवढाच मजकूर.

पाठपुराव्याची सोय पॅरिस कराराच्या पारदर्शकता चौकटीत आहे. पहिला द्वैवार्षिक अहवाल ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत द्यायचा होता आणि तो भरण्याची संगणकीय साधनं त्या वर्षाच्या मध्याला हाती आली. अशाने लहान खात्यांचे हाल होणारच. राष्ट्रीय योगदानाच्या, म्हणजे प्रत्येक देशाने स्वतः ठरवलेल्या उत्सर्जन-कपातीच्या, नव्या आराखड्यांची मुदत १० फेब्रुवारी २०२५ होती आणि त्या दिवसापर्यंत १९५ पैकी फक्त १३ पक्षांचे आराखडे आले. चुकलेल्यांकडे पाहण्यासाठी १२ सदस्यांची अनुपालन समिती आहे, पण करारानेच तिला दंड करू नये, वाद करू नये, मदत करावी असं बांधून घातलं आहे. मदतीची भूमिका योग्य आहे. अडचण एवढीच की त्या समितीच्या हातात पैसाही नाही, म्हणून ती ना रागावू शकते ना खरी मदत करू शकते.

पैसा: इथेच सर्वांत जास्त वेळ जातो

हरित हवामान निधी २०१० मध्ये कानकूनच्या परिषदेत ठरला. मुख्यालय दक्षिण कोरियात, सोंगदोला. मंडळावर २४ सदस्य, निम्मे विकसित देशांचे, निम्मे विकसनशील देशांचे. ही रचना न्याय्य आहे आणि टिकवण्यासारखी आहे. अर्जाची वाट मात्र लांब आहे आणि ती नीट समजून घेतली नाही तर सहज वर्ष-दीड वर्ष जास्त जातं.

देशाने आधी एक नियुक्त प्राधिकरण ठरवायचं, बहुधा अर्थ किंवा पर्यावरण खातं. पैसा थेट देशाला मिळत नाही, मान्यताप्राप्त संस्थेमार्फत मिळतो: एक तर आंतरराष्ट्रीय बँक किंवा यंत्रणा, नाही तर देशातलीच मान्यता मिळवलेली संस्था. देशी संस्थेला मान्यता मिळवायला वर्षं लागतात आणि मान्यता आकारमानाच्या पट्ट्यात मिळते: १ कोटी डॉलरपर्यंत, ५ कोटींपर्यंत, २५ कोटींपर्यंत आणि त्याहून मोठी. नेमकं इथेच फसतं. संस्थेची मान्यता १ कोटीच्या पट्ट्यातली आणि प्रकल्प ३ कोटींचा, हे बऱ्याचदा प्रस्ताव लिहून झाल्यावर कळतं. मग प्रकल्पाचे तुकडे करायचे किंवा बाहेरच्या बँकेकडे जायचं, आणि दोन्हींत सल्लागारांचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू.

प्रस्तावासोबत लागतं ते असं: व्यवहार्यता अभ्यास, आर्थिक प्रतिमान, पर्यावरण आणि सामाजिक परिणामांचं मूल्यांकन, लिंगभाव मूल्यांकन आणि त्याचा कृतिआराखडा, आणि प्राधिकरणाचं 'हरकत नाही' पत्र. यातलं पत्र सर्वांत सोपं वाटतं आणि तेच शेवटी अडतं, कारण ऊर्जा खात्याने प्रस्ताव केलेला असतो आणि सही दुसऱ्या खात्याची लागते. ते पहिल्याच महिन्यात चर्चेला घ्यावं. मोठ्या परिणामांच्या, 'अ' वर्गाच्या प्रकल्पाचं मूल्यांकन मंडळाच्या बैठकीच्या १२० दिवस आधी जाहीर व्हावं लागतं, 'ब' वर्गाचं ३० दिवस आधी. धरण, मोठी वाहिनी किंवा पुनर्वसन असेल तर बैठकीच्या तारखेपासून मागे मोजत यावं, नाहीतर एक संपूर्ण बैठक हुकते. कमी जोखमीच्या प्रकल्पाला सोपी वाट आहे: निधीचा वाटा २.५ कोटी डॉलरपर्यंत असेल तर सुलभ मंजुरी प्रक्रिया वापरता येते. पूर्वतयारीसाठी १५ लाख डॉलरपर्यंत वेगळा निधी मिळतो. ही सोय असूनही अनेक खाती ती मागतच नाहीत. मंजुरीनंतर करार, कराराच्या पूर्वअटी, आणि मग पहिला हप्ता. मंजुरीची बातमी आणि पैसा यांत बरंच अंतर असतं, म्हणून निविदा बातमीच्या भरवशावर काढू नयेत.

कागदपत्रांइतकीच मोठी अडचण चलनाची आहे. कर्ज डॉलरमध्ये, विजेचं बिल स्थानिक चलनात. समजा ते चलन दर वर्षी ६ टक्क्यांनी घसरलं, तर दहाव्या वर्षी डॉलरचा तोच हप्ता स्थानिक चलनात सुमारे १.८६ पट होतो. वीजदर तितका वाढवता येत नाही आणि वितरण कंपनी बुडते. चलन-जोखीम स्वतःकडे घेणारा टीसीएक्स निधी २००७ पासून आहे, पण हप्त्याच्या हमीचा खर्च प्रकल्पाच्या व्याजात मिळवला की सौरवीज पुन्हा महाग होते. विकसनशील देशांत सौर प्रकल्पासाठी भांडवलाचा खर्च श्रीमंत देशांच्या दुपटीच्या आसपास जातो, तंत्रज्ञान तेच असूनही. जागतिक कारभार सुधारायचा असेल तर पहिलं सार्वजनिक अनुदान प्रकल्पावर खर्च करण्याऐवजी या हमीच्या खर्चावर करावं. प्रकल्प मग खासगी पैशानेही उभे राहतील.

न्याय्य ऊर्जा-संक्रमण भागीदाऱ्या ही २०२१ पासूनची नवी सेवा: श्रीमंत देशांच्या गटाने कोळसा किंवा इतर जीवाश्म इंधन सोडणाऱ्या एका देशाला मिळून पैसा द्यायचा. दक्षिण आफ्रिकेला ८.५ अब्ज डॉलर, इंडोनेशियाला २० अब्ज, व्हिएतनामला १५.५ अब्ज, सेनेगलला २.५ अब्ज युरो अशा घोषणा झाल्या. कल्पना मनापासून पटणारी आहे: सुटे प्रकल्प न घेता एका देशाची संपूर्ण वीजव्यवस्था, कामगारांसह, एका आराखड्यात. पण घोषणेचा आकडा फोडून पाहावा. दक्षिण आफ्रिकेच्या पहिल्या विभागणीत निव्वळ अनुदान सुमारे ४ टक्के होतं, बाकी कर्ज आणि हमी. त्याच देशाच्या गुंतवणूक आराखड्यात पाच वर्षांची गरज सुमारे १.५ लाख कोटी रँड मांडली होती. आणि देणाऱ्यांपैकी अमेरिका मार्च २०२५ मध्ये बाहेर पडली, तेव्हा घेणाऱ्या देशाच्या हातात दाद मागण्याचं काहीच साधन नव्हतं, कारण मूळ कागद राजकीय जाहीरनामा होता, करार नव्हता.

कोळसा केंद्र लवकर बंद करण्याचं अंकगणित या आराखड्यांत पुरेसं उघड मांडलं जात नाही. बहुतेक केंद्रांचे वीजखरेदी करार 'घ्या किंवा पैसे द्या' पद्धतीचे असतात. समजा ६०० मेगावॅटचं केंद्र आहे आणि क्षमता-शुल्क, म्हणजे केंद्र तयार ठेवण्याचं ठरलेलं भाडं, दर किलोवॅटमागे महिन्याला १५ डॉलर. मग वीज घेतली नाही तरी महिन्याला ९० लाख डॉलर, वर्षाला १०.८ कोटी डॉलर द्यावे लागतात. सात वर्षं आधी बंद करायचं तर ७५.६ कोटी डॉलरचा प्रश्न उभा राहतो, आणि ज्या देशात केंद्रं तरुण आहेत तिथे असे करार डझनाने असतात. उपाय आहे तो पुनर्वित्ताचा: स्वस्त कर्ज देऊन जुनं महाग कर्ज फेडायचं, म्हणजे मालकाला तेवढंच वर्तमान मूल्य कमी वर्षांत मिळतं. व्याजातला फरक मोठा असेल तरच हे जमतं, म्हणून बाजारभावाने दिलेलं कर्ज इथे निरुपयोगी ठरतं. दुसरी गळती कारखान्यांच्या स्वतःच्या कोळसा केंद्रांची. इंडोनेशियाच्या २०२३ च्या आराखड्यातून ती बाहेर राहिली, आणि निकेल वितळवणाऱ्या उद्योगांमुळे वाढ तिथेच होत होती. ग्रिडवरचा कोळसा कमी झाला तरी धुराचं प्रमाण खाली येईलच असं नाही.

दक्षिण आफ्रिकेचं कोमाती केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं आणि जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. जागेवर १५० मेगावॅट सौर, ७० मेगावॅट पवन आणि बॅटऱ्या असा बेत ठरला. पण बॉयलर थंड झाला त्या दिवशी गावासमोर पर्यायी रोजगार उभा नव्हता. प्रशिक्षण आणि नवं काम केंद्र बंद होण्याच्या निदान दोन-तीन वर्षं आधी सुरू व्हायला हवं, आणि निधीच्या पहिल्या हप्त्याची अट तीच असायला हवी.

पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली आपली उत्सर्जन-कपात दुसऱ्या देशाला विकून पैसा उभारणं हाही मार्ग आहे. त्याविषयी एकच सावधगिरी: स्वस्तातली कपात विकू नये. विकलेला प्रत्येक टन देशाच्या स्वतःच्या हिशेबात परत मिळवावा लागतो, आणि एलईडी दिव्यांतून होणारी सोपी कपात विकून टाकली तर आपल्या वाट्याला पोलाद आणि सिमेंटमधली अवघड कपात उरते.

तंटे: सर्वांत घातक भाग

ऊर्जा सनद करारावर १९९४ मध्ये लिस्बनला सह्या झाल्या आणि १९९८ मध्ये तो लागू झाला. परदेशी गुंतवणूकदाराला देशावर थेट लवादात खटला भरता येतो. मूळ हेतू सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर तेल-वायूच्या गुंतवणुकीला संरक्षण देण्याचा होता. करार सोडला तरी जुन्या गुंतवणुकीला पुढे २० वर्षं संरक्षण राहतं. इटली १ जानेवारी २०१६ पासून बाहेर पडली. तरी किनाऱ्याजवळच्या तेल-उत्खननाला नकार दिल्याबद्दल रॉकहॉपर कंपनीने २०१७ मध्ये खटला भरला आणि २०२२ मध्ये लवादाने १९ कोटी युरो अधिक व्याज देण्याचा आदेश दिला. २०२५ मध्ये तो रद्द झाला, पण तोवर आठ वर्षं गेली होती. अशा खटल्याचा धाकच एखाद्या मंत्र्याचा हात थांबवायला पुरतो. दुसरी बाजूही नोंदवायला हवी: याच करारानुसार स्पेनवर पडलेले डझनावारी दावे सौर आणि इतर अक्षय ऊर्जेतल्या गुंतवणूकदारांचे होते, कारण सरकारने कबूल केलेले दर नंतर कापले. संरक्षण हवंच, पण ते कशाला द्यायचं हे आज नव्याने ठरवायला हवं. युरोपीय संघाचं बाहेर पडणं जून २०२५ मध्ये लागू झालं. इतर देशांनी आपले द्विपक्षीय गुंतवणूक करार याच दृष्टीने आज वाचून काढावेत. संपुष्टात आणण्याच्या कलमातली वर्षं मोजावीत आणि नव्या करारांत जीवाश्म इंधनांची गुंतवणूक स्पष्ट शब्दांत वगळावी.

जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. याचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. इंडोनेशियाच्या निकेल-निर्यातबंदीविरुद्ध २०२२ मध्ये निकाल लागला, देशाने अपील केलं आणि ते ऐकायला कोणीच नाही. अपील टांगलेलं, निकाल निष्प्रभ. बॅटरीच्या खनिजांवरचे वाद असे अधांतरी असताना युरोपच्या सीमेवरचा कार्बन-शुल्काचा नियम १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण रूपात आला. सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज निर्यात करणाऱ्याने मालामागचं उत्सर्जन मोजून दाखवायचं. मोजमाप नसेल तर प्रमाणित मूल्यं लागतात आणि ती जाणूनबुजून चढी ठेवलेली असतात. म्हणून निर्यातदार देशाने शुल्कावर वाद घालत बसण्याआधी भट्टीनिहाय मीटर आणि पडताळणी करणारी माणसं उभी करावीत.

चालणारा नमुना आधीपासून आहे

ओझोनच्या थराला घातक शीतकं आणि इतर पदार्थ बंद करणाऱ्या माँट्रियल कराराचा बहुपक्षीय निधी १९९१ पासून चालू आहे. कार्यकारी समितीवर १४ देश, सात विकसित, सात विकसनशील. निधी 'मान्य वाढीव खर्च' देतो: जुन्या यंत्राऐवजी नवं घेताना जेवढा जास्त खर्च येतो तेवढा, ठरलेल्या यादीप्रमाणे. सदस्य नसलेल्यांशी नियंत्रित पदार्थांच्या व्यापारावर बंदी. आणि सर्वांत कमी बोललं जाणारं, पण सर्वांत महत्त्वाचं: प्रत्येक विकसनशील देशातल्या ओझोन कक्षाचा पगार आणि कामकाज यांना हा निधी नियमित हातभार लावतो. दोन-तीन माणसांचा तो कक्ष परवाने, अहवाल आणि निधीची मागणी एकाच टेबलावर हाताळतो. ऊर्जा हे शीतकापेक्षा हजारपट गुंतागुंतीचं क्षेत्र आहे, त्यामुळे करार जसाच्या तसा उचलता येणार नाही. कक्ष मात्र उचलता येईल.

आजच्या व्यवस्थेत पहिला बदल हाच हवा: प्रत्येक देशात बाहेरच्या पैशाने, पण देशाच्या हुकमतीखाली, पाच वर्षांच्या खात्रीने चालणारा ऊर्जा-संक्रमण कक्ष. दुसरा बदल एकच फाइल. प्रकल्पाचं वर्णन, उत्सर्जनाचा आधार, पर्यावरण मूल्यांकन आणि आर्थिक तक्ता एकदाच एका नमुन्यात भरावा आणि हरित हवामान निधी, विकास बँका आणि पारदर्शकता अहवाल या सगळ्यांनी तोच स्वीकारावा. सातव्या उद्दिष्टाच्या मागोव्यात पाच संस्थांना जे जमलं ते निधी देणाऱ्यांना न जमण्याचं तांत्रिक कारण नाही. तिसरा बदल क्षेत्रवार लहान गटांचा: पोलाद, ग्रिड, हायड्रोजन अशा एकेका विषयात मुख्य उत्पादक आणि खरेदीदार देश बसले तर सहमतीची वाट पाहावी लागत नाही. ग्लासगोच्या हवामान परिषदेत सुरू झालेली क्षेत्रवार कार्यसूची या दिशेची आहे, फक्त तिच्यामागे खरेदीची हमी आणि निधी जोडायला हवा.

तोवर कोणी कुठल्या दारी जावं? बेटं आणि लहान देशांनी आयरेनाची तांत्रिक मदत आणि सुलभ मंजुरीची वाट आधी वापरावी. देशी संस्थेच्या मान्यतेमागे लागू नये, शेजाऱ्यांसोबत मिळून प्रादेशिक संस्था घ्यावी. कोळशावर चालणाऱ्या देशांनी भागीदारीची घोषणा करण्याआधी सगळे वीजखरेदी करार एका तक्त्यात मांडावेत: उरलेली वर्षं, क्षमता-शुल्क, कर्जाचा व्याजदर, आणि कारखान्यांची स्वतःची केंद्रंसुद्धा. खनिजसंपन्न देशांसाठी मात्र आज धड दार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या गटाने सप्टेंबर २०२४ मध्ये तत्त्वं मांडली, पण त्यामागे ना निधी आहे ना न्यायपीठ. तोपर्यंत त्यांनी प्रत्येक खाणकरारात तीन गोष्टी स्वतःच लिहून घ्याव्यात: खनिजाचा ठरावीक हिस्सा देशातच शुद्ध करण्याची मुदत, त्या शुद्धीकरणासाठी वीज कुठून येईल याचं बंधन, आणि उत्पादनाच्या मोजमापाची नोंद थेट देशाच्या ताब्यात.